घोडामैदान जवळच बरं, निदान वीकडेला तरी

घोडेस्वारीच्या सरावासाठी भाड्याने मिळणाऱ्या एका लाइटवाल्या मैदानाचा हा रिव्ह्यू, स्टार आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. मैदानाच्या जमिनीला पाच, शिकवणाऱ्या सरांना पाच, लाइटला अडीच, चहाला शून्य, आणि ठाण्याहून घोडा टेम्पोत घालून तिथपर्यंत जाऊन परत येण्याला एक, तो एकही टेम्पोवाल्या मामांच्या स्वभावाला. जागेचं नाव टाकत नाही, कारण माझी निम्मी तक्रार त्यांच्यावर नाहीच, रस्त्यावर आणि माझ्या स्वतःच्या अकलेवर आहे. पनवेलच्या पुढे आहे एवढं पुरे.

आमचा घोडा म्हणजे खारीक. रंगावरून नाव पडलं. रेसमधून रिटायर झालेला, कागदावर त्याचं एक लांबलचक इंग्रजी नाव आहे जे त्याला स्वतःलाही माहीत नाही. अकरा वर्षांचा, तसा गरीब, फक्त प्लास्टिकची पिशवी उडताना दिसली की त्याला वाटतं आपला शेवट आला. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका छोट्या तबेल्यात असतो, चार घोडे, एक सईस, पत्र्याची शेड आणि समोर मोकळी जागा जिला आम्ही प्रेमाने मैदान म्हणतो. शेडमधे दोन ट्यूब आहेत, मैदानात एकही दिवा नाही, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

दिवाळी झाली की अंधार किती लवकर पडतो ते ऑफिसच्या एसीत बसून कळत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सहाच्या ठोक्याला बुडतो, वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त तेव्हाचाच, मला इतकी वर्षं वाटायचं की तो डिसेंबरच्या एकवीस-बावीसला असतो, पण नाही, तोवर संध्याकाळ परत पाच-दहा मिनिटं लांबलेली असते. जूनमधे सव्वासातपर्यंत उजेड असतो पण जूनमधे करणार काय, मैदानात घोट्याएवढा चिखल. म्हणजे ज्या चार महिन्यांत हवा मस्त, जमीन कोरडी, माश्या कमी, नेमकी तेव्हाच संध्याकाळ गायब. माझं ऑफिस ऐरोलीला, पाचला निघाले तरी तबेल्यात पोचायला सव्वासहा. सकाळी जावं म्हटलं तर सईस म्हणतो, या की साडेपाचला, तेव्हाबी काळोखच असतोय ताई.

मागच्या वर्षी हेडटॉर्च लावून बसून बघितलं. करू नका. खारीक माझ्या टॉर्चच्या उजेडात स्वतःच्या कानांची सावली बघून आडवा पळाला.

तर यंदा ठरवलं की लाइटवाल्या मैदानात न्यायचं. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेसातचा स्लॉट, पंचेचाळीस मिनिटं. मैदान वीस बाय साठ मीटर, म्हणजे ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा खेळ) पूर्ण मापाचं, चार कोपऱ्यांत खांब, फ्लडलाइट, फोटोत तर असं दिसत होतं की इथे गेल्यावर घोडा आपोआप नाचायला लागेल. त्यांनी आधी ग्लँडर्सचा टेस्ट रिपोर्ट आणि धनुर्वाताच्या लसीचा कागद मागितला, आणि मला ते खरंच आवडलं. ग्लँडर्स घोड्याकडून माणसालाही होतो, आणि जी जागा कुठलेही कागद न बघता घोडा आत घेते तिथे आपला घोडा नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोनवर बोलणारी मुलगीही चांगली होती. मी मॅपवर बघितलं, चाळीस किलोमीटर. म्हटलं चाळीस म्हणजे काय, नवरा रोज तेवढं बीकेसीला जाऊन येऊन करतो.

इथेच माझं घोडं पेंड खात होतं, कारण मी किलोमीटर मोजत होते.

आता टेम्पो. आपल्याकडे परदेशासारखे कारमागे लावायचे ट्रेलर कुणाकडे असतात, आपल्याकडे असतो लग्नात नवरदेवाची घोडी नेणारा टेम्पो. मामांचा टेम्पो त्यातल्या त्यात देखणा, बाजूला गाद्या ठोकलेल्या, खाली काथ्याची जाड चटई म्हणजे पाय सरकत नाहीत, मागे आडवे दोन दांडके, शेजारी जाड बांबू. मला वाटायचं ही मामांची हौस आहे, मग कळलं की जनावरांच्या वाहतुकीचे जे 1978 चे नियम आहेत त्यात हे जवळपास असंच लिहिलंय, न घसरणारी जमीन, किमान आठ सेंटीमीटर जाडीचे बांबू, घोड्याचं तोंड डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे नाही, प्रवासाला फिट असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, आणि सगळ्यात महत्त्वाचं, घोडा आत असताना गाडीचा वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. पस्तीस! मामांना विचारलं तर म्हणाले, पस्तीस मिळालं तर नारळ फोडीन मी. पण तुम्हीच गणित करा, चाळीस किलोमीटर, पस्तीसच्या वेगाने, एकही सिग्नल नाही, एकही खड्डा नाही, तरी एक तास नऊ मिनिटं. मी हे गणित पहिल्या ट्रिपनंतर केलं. आधी करायला हवं होतं.

पहिला मंगळवार. हाफ डे टाकला. पाचला लोडिंग. खारीक रॅम्पवर दोन पाय ठेवून उभा राहिला आणि मागे बघायला लागला, सईसने चंदीचं, म्हणजे खुराकाचं, घमेलं आत नेऊन हलवलं तेव्हा सुस्कारा टाकून चढला. साडेपाचला निघालो. माजिवडा ओलांडायलाच पंचवीस मिनिटं, मग हायवेने मुलुंड, ऐरोली पूल, पुलावर वारा छान, मी पुढे मामांच्या शेजारी बसून खाडीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते की किती सोपं आहे हे. मग ठाणे-बेलापूर रोड. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, आयटीतली सगळी जनता एकाच वेळी सुटलेली, त्यात मीही एरवी असतेच म्हणा. तुर्भ्यापर्यंत पावणेसात. सायन-पनवेल हायवेला लागल्यावर वाटलं आता सुटलो, तर उरण फाट्याच्या अलीकडे सगळं ठप्प.

मागून आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक, पुढचा पाय आपटतोय. मामा म्हणाले, ताई उतरा, बघून या. मी चालू ट्रॅफिकमधे मागे चढले. खारीकची मान वर ताणलेली, नाकपुड्या मोठ्या, आणि छातीवर घाम, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जागेवर उभ्या घोड्याला. शेजारी एक बाइकवाला हॉर्न वाजवत होता आणि त्याच्या मागे बसलेला मुलगा व्हिडिओ काढत होता. दोरी फार आखूड बांधली गेली होती. मी ती हातभर सैल केली, तसं त्याने डोकं पार खाली, माझ्या बुटापर्यंत नेलं आणि असा काही फुरफुरला की माझ्या पँटवर सगळा शेंबूड. रागावणार काय, तेच तर हवं होतं. घोड्याचं डोकं तासन्‌तास वर बांधून ठेवलं की नाकातली, श्वासनळीतली घाण खाली उतरत नाही, आणि लांबच्या प्रवासानंतर घोड्यांना जो ताप येतो, फुप्फुसाचं इन्फेक्शन होतं, त्याचं एक मोठं कारण हे असतं. तेव्हापासून दोरी मी स्वतः बांधते, आणि गवताची जाळीही भिजवून खाली लावते, धूळ उडत नाही आणि मान खाली राहते.

टेम्पोत उभं राहणं म्हणजे आराम नाही. आपण बसतो तसं तो बसत नाही. प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला तो चार पायांनी तोल सावरतो, म्हणजे लोकलच्या दारात न लटकता दीड तास मधेच उभं राहून बघा आणि उतरल्यावर सूर्यनमस्कार घाला. ज्याला घोड्याबद्दल काही माहीत नाही त्याला मी हेच उदाहरण देते.

पोचलो आठला दहा कमी. स्लॉट साडेसातचा. रिसेप्शनवरचा माणूस म्हणाला, मॅडम सव्वाआठला पुढची बॅच आहे. म्हणजे पंचवीस मिनिटं. त्यात घोड्याला उतरवून निदान पंधरा-वीस मिनिटं हातात धरून चालवायचं, पाणी दाखवायचं, मग सॅडल. सर समजूतदार, ते म्हणाले आज बसूच नका, फक्त मैदान दाखवा त्याला. तर पहिल्या दिवशी मी एवढे पैसे भरून, हाफ डे टाकून, चाळीस किलोमीटर येऊन घोड्याला हातात धरून चालवलं. पैसे परत नाहीत, पुढे अ‍ॅडजस्टही नाहीत. नियम आहे तसा, पावतीवर मागे छापलाय, बारीक अक्षरात.

आता मैदानाबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचाच आहे. जमीन, बाई गं, जमीन. बारीक वाळू, खाली निचरा नीट केलेला, संध्याकाळी पाणी मारलेलं, टाप पडली की आवाज येत नाही, फक्त ध्प असं. आमच्याकडे जिथे मुरूम टोचतो म्हणून खारीक आखडून चालतो तिथे इथे त्याने पाठ सैल सोडली, दुसऱ्या ट्रिपला (त्या दिवशी चारलाच निघालो, बॉसला डेंटिस्ट सांगितलं) दुडकीत असा लांब झाला की मला वाटलं मी दुसऱ्याच घोड्यावर बसलेय. सर अप्रतिम. ओरडत नाहीत. माझा डावा हात बोर्डिंगची बॅग धरल्यासारखा आवळलेला असतो हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी तिसऱ्या मिनिटाला सांगितलं.

लाइटला अडीच का, तर चार खांबांपैकी त्या वेळी तीनच चालू होते, आणि एका बाजूला अंधारा कोपरा. माणसाला तेवढं चालतं. घोड्याला मंद उजेडात आपल्यापेक्षा बरं दिसतं, पण लख्ख उजेडातून एकदम काळोखात गेल्यावर त्याचे डोळे जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लावतात. मग होतं काय, तीन बाजू छान, चौथ्या कोपऱ्यात गेलं की त्याला वाटतं पुढे भोक आहे. शिवाय एकीकडूनच उजेड आला की कुंपणाच्या फळ्यांच्या काळ्या सावल्या आडव्या पडतात, खारीक त्या प्रत्येक सावलीवरून उडी मारून गेला, मोजून सात. लोक उभे राहून बघत होते. सर म्हणाले, जंपिंगचा क्लास वेगळा असतो, त्याची फी वेगळी. कोपऱ्यातला दिवा चौथ्या ट्रिपलाही बंदच होता. विचारलं तर माणूस येणारे, माणूस येणारे.

पाण्याची एकच सामाईक हौद-टाकी, तिथे पाजू नका, आपली बादली न्या. टेम्पो वळवायला जागा तशी आहे पण गेटशी उतार आहे, रॅम्प तिरका पडतो, मामांनी चाकाखाली विटा लावल्या. टॉयलेट स्वच्छ. चहाबद्दल बोलायला नको.

आणि मग परत. हे फोटोत नसतं. साडेआठला घोडा घामेजलेला, त्याला थंड होईपर्यंत चालवायचं, तसाच ओला चढवला तर उघड्या टेम्पोत वारा लागतो, ठाण्याचा हिवाळा म्हणजे काही महाबळेश्वर नाही पण रात्रीचा वारा तो वारा. घाम टिपायचा, पातळ चादर घालायची. सव्वानऊला निघालो. रात्री रस्ता मोकळा, म्हणजे मोकळा वाटतो, कळंबोलीपासून कंटेनरची रांग. तबेल्यात पोचायला पावणेअकरा, पाय तपासून, पाणी, गवत, घरी सव्वाअकरा. नवऱ्याने भात झाकून ठेवला होता आणि तोंडही. सकाळी सईसचा फोन, खारीक उभाच राहिलाय ताई, चंदी अर्धी टाकली. म्हणजे बुधवार सुट्टी. गुरुवारी परत तेच. शुक्रवारी परत सुट्टी. हिशोब केला तर आठवड्यात दोनदा जाऊन सहा-सात तास टेम्पो, दीड तास सराव. मी घोड्याला शिकवत नव्हते, मी त्याला फिरवत होते.

यावर मामांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. मामा दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जातात, तापीकाठी, नंदुरबार जिल्ह्यात, घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथून घोडी घेऊन येतात, साडेतीनशे किलोमीटर तरी होतं. मी म्हटलं मामा तुम्ही एवढ्या लांबून घोडी आणता, तिला काही होत नाही, मग माझ्याच घोड्याची का एवढी नाटकं. तर म्हणाले, ताई, आम्ही रात्री निघतो, दर दोन-तीन तासांनी थांबतो, पाणी दाखवतो, आणि घरी आल्यावर तिला दोन दिस नुसती बांधून ठेवतो, उतरल्या उतरल्या नाचवत नाय. तुम्ही उतरवता, नाचवता आणि परत चढवता.

बोलायचं कामच नाही राव. अंतराचा प्रश्न नाहीच, त्याच संध्याकाळी जाऊन काम करून परत यायचंय हा प्रश्न आहे. मुक्काम असेल तर चाळीस काय, शंभर किलोमीटर जा. म्हणून डिसेंबरपासून मी बदललं. महिन्यातून दोनदा शनिवारी दुपारी, रस्ता त्यातल्या त्यात रिकामा असताना, पनवेलच्या पुढे न्यायचं, तिथे बॉक्स, म्हणजे घोड्याची खोली, भाड्याने मिळतो, रात्रभर ठेवायचं, मी नवऱ्याबरोबर घरी येते, आणि रविवारी सकाळी सातला सूर्याच्या फुकट उजेडात सरांचा क्लास. सकाळी लाइटचा प्रश्नच नाही. बॉक्सला चार स्टार, भुसा जरा कमी टाकतात, अजून दोन पोती सांगून घ्या.

आणि वीकडेला? वीकडेला भिवंडीच्या बाजूला एक शेतघर सापडलंय, आमच्याकडून अकरा किलोमीटर, तिथल्या काकांचे दोन घोडे आहेत, गोल रिंग आहे, वीसेक मीटरची, जमीन यथातथा, एकच हॅलोजन, पण बरोब्बर मधे उंच खांबावर, त्यामुळे सावल्या लांब पडत नाहीत आणि सगळीकडे सारखा उजेड. गंमत बघा, चार खांबवाल्याला अडीच आणि एका हॅलोजनला चार. जायला पंचवीस ते पस्तीस मिनिटं. सर नाहीत, मी सरांनी दिलेला होमवर्क करते, चालणं, थांबणं, वळणं, थोडी दुडकी, अर्धा तास, बस. साडेआठला घोडा घरी, नऊला मी, भात गरम. काका पैसे घेत नव्हते, शेवटी दिव्याचं बिल म्हणून घेतात.

माझ्यापुरता नियम असा बसलाय की वीकडेच्या संध्याकाळी टेम्पोत चढल्यापासून उतरेपर्यंत चाळीस मिनिटांच्या वर जाणार असेल तर घोडा बाहेर काढायचाच नाही, त्याला तबेल्यात खरारा करायचा, हाताने चालवायचा, तोही सरावच आहे. तुमचा घोडा वेगळा असेल, लग्नातली घोडी तर दोन-दोन वराती करून डीजेसमोर झोपते, पण तरुण किंवा घाबरट घोडा असेल तर मिनिटं माझ्याहून कमी धरा. आणि मॅपवाली बाई जी मिनिटं सांगते ती कारची, टेम्पोची दीडपट.

एक व्यावहारिक सूचना, कुणी सांगत नाही. हा सीझन आणि लग्नाचा सीझन एकच. तुळशीचं लग्न झालं की टेम्पोवाले तुमचे राहत नाहीत. मुहूर्ताच्या दिवशी मामांचा रेट दुप्पट, तोही टेम्पो मोकळा असेल तर, एकदा तर मला म्हणाले नवरदेवाला मंडपात सोडून साडेआठला येतो, आणि खरंच आले, टेम्पोत झेंडूच्या पाकळ्या आणि कंफेटी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. खारीकने सगळा झेंडू खाल्ला. तेव्हा पंचांग बघून बुकिंग करा, मी तर आता ऑफिसच्या कॅलेंडरमधे मुहूर्त टाकून ठेवलेत, टीममधल्या पोरांना वाटतं माझ्या घरात लग्न आहे.

अजून एक, मी फोनमधे नोंद ठेवते, तुम्हीही ठेवा. निघालो किती, पोचलो किती, उतरल्यावर पाणी किती प्यायला, घाम कुठवर, आणि टेम्पोत लीद किती वेळा आणि कशी. हसू नका. घाबरलेला घोडा पातळ आणि वारंवार टाकतो. पनवेलची पहिली ट्रिप, पाच वेळा, पातळ, पाणी एक घोट. पनवेल चौथी, चार वेळा. भिवंडी पहिली, दोनदा. परवाची भिवंडी, एकदाच, घट्ट, आणि अर्धी बादली पाणी. सईस चटई झाडताना ओरडून सांगतो, ताई आज एकच, आणि मी तबेल्यात सगळ्यांसमोर टाळ्या वाजवते.

कोपऱ्यातला तो दिवा लागला की एक स्टार वाढवेन.